ओहोळाकाठचं उभं गवत

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला अडकलो होतो. पुढे कंटेनर आडवा झालेला, मागे हॉर्नचा कल्ला, आणि गाडीच्या डिकीत तागाच्या रिकाम्या गोण्यांची चळत. गोण्या तिच्यासाठीच ठाण्याहून डोंबिवलीला नेत होतो. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, "विनू, तागाच्याच आण. प्लास्टिकच्या आणल्यास तर परत पाठवीन." मी म्हटलं, "मी तुझा भाऊ आहे, सप्लायर नाही." त्यावर ती हसली आणि तिने फोन ठेवला... आमचं शेवटचं बोलणं हे. नंतरचा फोन तिच्या शेजारच्या वर्षाचा होता. ताई चहा घेऊन खुर्चीत बसली ती तिथेच गेली, डॉक्टर येऊन पाहून गेले, असं ती रडत रडत सांगत होती. मला गाडी वळवता येत नव्हती की सोडून पळता येत नव्हतं. खोटं कशाला बोलू, रडू मागाहून आलं. आधी राग आला. खडवलीला गवत अजून उभं होतं, त्या गवताची जबाबदारी तिने स्वतःच्या तोंडाने घेतली होती, आणि ती अशी मधेच उठून निघून गेली होती.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझे कान पिळायचं खातं तिच्याकडे आपोआप आलं आणि मी साठीला टेकलो तरी तिने ते सोडलं नाही. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "कुणी पसंत पडलं नाही" एवढंच सांगायची, आणि ते खरंही असावं, कारण तिला चटकन काहीच पसंत पडत नसे. वागळे इस्टेटमध्ये बॉयलरला लागणारे प्रेशर गेज बनवणारा एक कारखाना होता, तिथे ती क्वालिटी खात्यात शेवटच्या टेबलावर बसायची. काटा केसभर चुकला तर कुठेतरी कुणाच्या तरी जिवावर बेतणार, म्हणून ती ओके म्हणत नाही तोवर माल हलायचा नाही. गेटवर ट्रक ताटकळलेला, मॅनेजर घाम पुसत उभा, आणि ही थंडपणे एकेक गेज तपासतेय, असं दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. तोंडाने ती 'नाही' क्वचितच म्हणायची. मान डावीकडून उजवीकडे एकदाच हलवायची, की विषय संपला. मेथीच्या जुडीपासून माझ्या बायकोने आणलेल्या पडद्यांपर्यंत सगळ्यांनी त्या मानेचा प्रसाद घेतलेला आहे.

अशा बाईला निवृत्तीनंतर एक पक्षी पसंत पडला. जुन्या मैत्रिणींबरोबर ती खडवलीला नदीवर गेली होती. बाकीच्या डबे सोडत होत्या, ही पाय मोकळे करायला म्हणून मागच्या माळावर गेली आणि तिथे गवताच्या काडीवर तिला लाल मुनिया दिसली. चिमणीहूनही लहान. पावसाळ्यात नराच्या अंगावर लाली चढते आणि तिच्यावर पांढरे ठिपके असतात, कुंकवाच्या करंड्यात तांदळाची कणी सांडावी तसे. मादी बिचारी साधी, तपकिरी. लहानपणी आम्ही कल्याणच्या बाजारात या मुनिया पाहिल्या होत्या, पण तारेच्या पिंजऱ्यात, एकमेकींवर रेटून कोंबलेल्या. घरी आल्यावर तिने मला फोन केला. म्हणाली, "हा पक्षी पिंजऱ्याबाहेरही असतो, हे मला आज कळलं रे." पुढच्या रविवारी मला गाडी काढावी लागली, आणि तेव्हापासून माझे रविवार माझे राहिले नाहीत. मुनियाचं गाणं इतकं बारीक की माझ्या कानांना ते कधी लागलंच नाही. ती "ऐक" म्हणून हात वर करायची आणि मी मान डोलवायचो. तिला ते कळत असणार.

तो माळ हरीभाऊ भोईरांचा. नदीपासून जरा आत, मधून एक ओहोळ जातो, त्याच्या काठाने गवत छातीएवढं वाढतं. आमच्या जिल्ह्यात अशा माळांवर धान्य पिकत नाही, गवतच हे पीक. नवरात्र सरलं की कापणी सुरू होते, गवत वाळवून भारे बांधतात आणि टेम्पो भरून ते तबेल्यांना जातं. आणि नेमकी इथेच मेख आहे. बाकीचे पक्षी पावसाच्या तोंडावर घरटी करून मोकळे होतात. लाल मुनिया मात्र गवताला बी धरण्याची वाट पाहते, पाऊस उतरताना त्याच गवतात घरटं विणते, आणि तिची पिल्लं डोळे उघडेपर्यंत विळे दारात येतात. आजूबाजूचे माळ तर कापणीपुरतेही उरले नव्हते. कुठे भराव पडला होता, कुठे बंगल्यांच्या स्कीमचे बोर्ड लागले होते. दर वर्षी थवा थोडा आणखी लहान दिसायचा. ताई गाडीत बसता बसता म्हणायची, "अजून कमी झाले."

पहिल्या वर्षी तिने हरीभाऊंना गाठलं आणि घरट्यांभोवतालचं गवत तेवढं सोडा म्हणून विनवलं. हरीभाऊ सत्तरीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही आठवडाभर माळावर बसून कोणता पक्षी कुठे शिरतो ते पाहिलं, आणि प्रत्येक घरट्याजवळ एक काठी रोवून तिला ताईच्या जुन्या लाल साडीची चिंधी बांधली. कापणीवाल्यांनीही शब्द पाळला. सगळा माळ भुंडा झाला आणि चिंधीच्या काठ्यांभोवती गवताचे झुबके तेवढे उभे राहिले. आम्ही फोटो काढले, पक्षीवाल्या मंडळींच्या ग्रुपवर टाकले, त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पुढच्या रविवारी गेलो तर पहिल्या झुबक्यातलं घरटं फाटलेलं. दुसऱ्यातलंही. तिसऱ्या झुबक्यावर भारद्वाज बसला होता, तांबड्या पंखांचा, ऐसपैस, आणि आम्हाला पाहून तो सावकाश खाली उतरून चौथ्याकडे चालत गेला. सपाट माळावर तेवढेच झुबके उभे, त्याला शोधायचे कष्टसुद्धा पडले नव्हते. ताईने एकेक करून सगळ्या काठ्या उपटल्या आणि चिंध्या सोडून पिशवीत भरल्या. मी समजूत घालायला गेलो, चांगल्या हेतूने केलं वगैरे. ती म्हणाली, "हेतू कोण तपासतं? आपण त्याला ताट वाढून दिलं. माल रिजेक्ट." घरी जाईपर्यंत तिने खिडकीबाहेरची नजर काढली नाही, आणि मलाही त्या दिवशी गाडीतला रेडिओ लावावासा वाटला नाही.

दुसऱ्या वर्षी तिने झुबके मागितले नाहीत. ओहोळाच्या दोन्ही काठांचा सलग पट्टाच मागितला, शेवटचं पिल्लू उडेपर्यंत. हरीभाऊ ओसरीवर बसून तंबाखू मळत होते, ते थांबले. "ताई, गवताचा नाय मला काय. तबेलेवाला उशिरा कापलेला नाय घेत तर नको घेऊ, घरच्या गुरांना व्हईल. पन उभा गवत म्हंजे आग हाय. मार्गशीर्षात रस्त्यावरून कोनी बिडी टाकली का सगला पेटतंय, नि ही माजी उडवी नि गोठा पल्ल्यावं हाय." उडवी म्हणजे त्यांची पेंढ्याची गंज, गोठ्याला लागून रचलेली. त्यांच्या वडिलांच्या वेळी अशाच वणव्यात गोठा दावणीच्या बैलांसकट गेला होता. बोलता बोलता हरीभाऊ त्या जागेकडे बघायचं टाळत होते, ते माझ्याही लक्षात आलं. ताई म्हणाली, "पट्ट्याभोवती आपण मोकळी पट्टी कापून ठेवू. आणि गवत सुकल्यापासून पट्टा कापेपर्यंत दुपारची मी इथे असेन. रोज." हरीभाऊ म्हणाले, "आग लागली तं?" "तर मी विझवायला असेन." तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती आणि रक्तदाबाची गोळी घेत होती. मी मधे तोंड घातलं, तर दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि ती गेली की रोज. डोंबिवलीहून सकाळची कामं उरकून निघायची, घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि एक डबा. पळसाच्या सावलीत हरीभाऊंचा पत्र्याचा ड्रम ठेवलेला असायचा. पोचल्यावर ती आधी ड्रममध्ये गोण्या बुडवायची, मग बोट ओलं करून वारा कुठून येतोय ते बघायची, आणि ते झाल्यावरच दुर्बीण डोळ्यांना लावायची. मी रविवारी जायचो तेव्हा मला हा क्रम मोडू द्यायची नाही. एकदा समोरच मुनियांची जोडी बसली होती, मी म्हटलं, "अगं, आधी बघ तरी." ती गोण्या दाबत राहिली. "त्या कुठे जात नाहीत. वारा जातो."

आग गेल्या वर्षी आली. रविवारची दुपार, मी होतो. रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर कुणीतरी कचरा पेटवला होता आणि वारा फिरला. आधी वास आला, मग ओहोळाच्या वरच्या टोकाला धुराची काळी रेघ, आणि मी "ताई" म्हणेपर्यंत ती दोन गोण्या ओढत निघालीसुद्धा होती. गवताला आग लागते तेव्हा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. कढईत मोहरी तडतडावी तसा, पण सगळ्या बाजूंनी. हरीभाऊ, त्यांचा मुलगा जितेश, घरातल्या बाया, सगळे धावले. ओली गोणी उचलायची, आपटायची, घासून ओढायची, पुन्हा उचलायची. चटके बसत होते, डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि माझ्या मनात मुनिया बिनिया काही नव्हतं, धुरात ती कुठे आहे एवढंच मी शोधत होतो. हरीभाऊ उडवीकडे पाठ करून उभे राहिले होते, हलतच नव्हते. आग कापलेल्या मोकळ्या पट्टीपाशी आली, तिथे तिला खायला काही मिळेना, दोन ठिकाणी तिने उडी मारली, आम्ही ती दाबली. वरच्या टोकाचं गवत जळालं. खालचा मोठा भाग वाचला, उडवी वाचली, गोठा वाचला. ताई ओहोळाच्या काठावर बसली होती, तोंड काळं, ओठ निळसर, आणि खोकता खोकता खालच्या गवताकडे बोट दाखवत होती. तिथे एक मादी काडीवर येऊन बसली होती.

परतीच्या वाटेवर आम्ही कडकडून भांडलो. मी म्हटलं, "एका मुठीत मावणाऱ्या पाखरासाठी तू मरशील आणि मला तुला उचलून न्यावं लागेल. मी यापुढे येणार नाही." ती म्हणाली, "नको येऊस. गोण्या जळल्या, तेवढ्या नव्या आणून दे." डॉक्टरांनी धूर, ऊन, धावपळ सगळ्याला बंदी घातली. यंदा पाऊस उतरताच तिने पुन्हा हरीभाऊंकडून पट्टा मागून घेतला. मी महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही आणि मग गोण्या शोधायला वागळे इस्टेटमध्ये फिरलो, कारण ती ऐकणार नव्हती आणि जळक्या गोण्यांनिशी तिला तिथे बसू देणं मला शक्य नव्हतं.

तेरावा झाला तरी गोण्या डिकीतच होत्या. मी हरीभाऊंना फोन केला. ताई गेल्याचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "बाकीचा माळ कापला. पट्टा ठेवलाय. पन आता सुकाय लागलाय, दादा. दुपारचा कोन बसनार?" आपण काय बोलतोय ते कळायच्या आत मी म्हणून गेलो, "मी बसेन." बायको म्हणाली, "तू? तुला चिमणी नि मुनिया यांतला फरक तरी कळतो का?" कळत नव्हताच फारसा. पण आग विझवायला ते कळावं लागत नाही, असा विचार करून मी ताईच्या घरून स्टूल आणि दुर्बीण उचलली. तेव्हापासून दुपारी मी माळावर बसू लागलो. गोण्या ड्रममध्ये, ओलं बोट वाऱ्यावर, मग दुर्बीण. रस्त्यावर मोटरसायकल थांबली तरी मी ओली गोणी हातात घेऊन उभा राहायचो, आणि कुणी सिगारेट पेटवली तर मी उठून शिव्या द्यायला जायचो. ठाण्याला परत येताना सगळ्या गाडीला ओल्या तागाचा वास.

मागच्या आठवड्यात जितेशचा फोन आला. "काका, कापणीवाली गँग उद्याच फ्री हाय, नंतर ते भिवंडीला जानार. टेम्पोवाला पन भाव खातोय. पप्पा बोलले, काकांना विचार, मग लावू." येऊन बघून सांगतो म्हणालो, आणि दुसऱ्या सकाळी मी पोचलो तेव्हा दहा-बारा माणसं बांधावर बसली होती, विळे बाजूला ठेवून. टेम्पो उभा होता. हरीभाऊ पुढे आले आणि म्हणाले, "ताई सांगायच्या कवा कापायचा तं. आता तुमी सांगा." आयुष्यात मी कशावरच ओकेचा शिक्का मारलेला नाही, ते खातं कायम तिचं. हो म्हणावं तर आत पिल्लं असली तर... नाही म्हणावं आणि आत काहीच नसलं, तर हरीभाऊ उगाच आणखी काही दिवस आगीच्या तोंडाशी झोपणार. आत शिरून शोधणं तिला मान्य नसे, आपण वाट पाडली की मागून भारद्वाज येतो. मग मला तिचं एक सांगणं आठवलं. "चोचीत काही दिसलं नाही म्हणून फसू नकोस. मुनिया किडा धरून मिरवत आणत नाही, दाणे पोटात भरून आणते. ती रिकाम्या चोचीने आत जाते, आत वेळ लावते आणि पुन्हा दाणे टिपायला जाते. पुन्हा तिथेच येते. तसं दिसलं तर पिल्लं आहेत." तेव्हा मी जांभई दिली होती, पण कान तिनेच पिळून तयार केलेले, त्यांनी ते ठेवून घेतलं होतं.

मी स्टूल मांडलं आणि बसलो. माणसं बघत होती. कुणीतरी हसलं, कुणी तंबाखूची पुडी फोडली. जितेश घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. वरच्या भागातून काही हललं नाही, मधूनही नाही. दुर्बीण धरून हात भरून आले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा मला वाटलं की झालं, उठावं, सांगून टाकावं. तेवढ्यात खालच्या वळणावर एक तपकिरी, साधी, नाव घ्यावं असं काही नसलेली मादी आली. चोच रिकामी. गवतात गेली. मी श्वास धरून बसलो. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली, माळावर दाणे टिपत राहिली, आणि पुन्हा तिथेच आत गेली. मला एकदम ताईला फोन करावासा वाटला, हात खिशापर्यंत गेलाही... मग मी हरीभाऊंकडे वळलो. मान डावीकडून उजवीकडे हलवली, एकदाच.

हरीभाऊ बांधाकडे वळले. मग गँगच्या माणसांना म्हणाले, "उठा रं. आज नाय." जितेश काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. टेम्पो रिकामा वळला, धूळ उडाली, माणसं विळे उचलून निघून गेली. हरीभाऊ माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि उडवीकडे तोंड करून म्हणाले, "ताई बी असाच करायची. बोलायची नाय. मान हलवायची नि मी समजायचो." त्यांनी डोळे पुसले ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. ऊन चढत होतं, गवत सुकून खडखडत होतं, आणि रस्त्याच्या बाजूने वारा सुरू झाला होता. मी उठलो आणि गोण्या पुन्हा ड्रममध्ये बुडवल्या.